मीठ, कोळसा आणि कपड्यांची तार

काकूंच्या अंगणातून मी जे उकरून काढलं ते काय होतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे सोन्याच्या आशेवर राहाल. तो तांब्याचा पत्रा होता, पूजेच्या ताटाएवढा. त्याच्या वर-खाली मिठाचे आणि कोळशाचे थर होते आणि त्याला एक जाड तार जोडलेली होती. याला अर्थिंग म्हणतात. फ्रिज, गिझर, पाण्याची मोटार यांच्या अंगावर चुकून फुटलेली वीज त्या तारेवाटे जमिनीत उतरते, म्हणून आपण ओल्या हाताने फ्रिज उघडतो आणि तरी जेवायला बसतो. हे मला माहीत होतं. मी इंजिनिअर आहे. तरीही त्या दिवशी खड्ड्यात वाकून बघताना मला फक्त गुप्तधन दिसलं. त्यानंतर काकू त्या अंगणात रोज पाण्यात हात घालून वावरत होत्या आणि त्यांच्या घराचा जमिनीशी संबंध मी तोडलेला होता.

आता पहिल्यापासून.

मी मूळचा नाशिकचा. सिल्वासात पॉलिएस्टर धाग्याच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. टोकरखाड्यात एक बैठं घर भाड्याने घेतलंय. शेजारी तसंच दुसरं, मध्ये कमरेएवढी भिंत. तिथे काका-काकू राहतात, भुसावळकडचे. काका बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झाले, आणि गावी परत जायचं जायचं म्हणत इथेच राहिले. काकू मला 'भाऊ' म्हणतात, मी त्यांना 'काकू' म्हणतो. हे नातं कागदावर मांडलं तर जुळणार नाही, पण भिंतीवरून वाट्या देता-घेताना कधी अडलं नाही.

पावसाळ्यात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि बायको नाशिकला गेली. घरात देखरेखीविना राहिलेला पुरुष काय काय करतो याची यादी मोठी आहे. काहीजण पितात. काहीजण स्वयंपाक शिकतात. मी ऑनलाइन धातू शोधायचं यंत्र मागवलं. लांब दांडा, खाली ताटलीसारखी चकती, कानाला हेडफोन. व्हिडिओंमध्ये परदेशातले गोरे आजोबा घराच्या हिरवळीवर हे फिरवतात आणि चिमटीत अंगठी धरून कॅमेऱ्याला दाखवतात. मी म्हटलं, आपल्याकडे तर पोर्तुगीज होते. पोर्तुगीज होते म्हणजे नाणी असणार, आणि नाणी असणार म्हणजे ती माझ्या पेरूखालीच असणार.

पेरूखाली बाटलीची बुचं निघाली. मागच्या दारी बुचं निघाली. गेटजवळ एक वस्तऱ्याचं पातं आणि पुन्हा बुचं. हद्दीपलीकडे गुजरातेत दारूबंदी, इथे नाही, त्यामुळे या मातीत खनिज एकच. समोरचे गुजराती शेठ रोज स्कूटर काढताना विचारायचे, "साहेब, कंई मळ्युं?" मी म्हणायचो, "ढक्कन." ते माझ्याकडे निरखून बघत म्हणायचे, "ए तो देखाय छे." दिसतंच आहे म्हणे.

मग एका सकाळी काकू भिंतीपाशी आल्या. डावा कान मोकळा होता.

"भाऊ, तुझं हे मशीन खरंच काही शोधतं, का नुसतं भुंकतं?"

"शोधतं ना."

"मग माझी कुडी शोध. धुणं धुताना पडली असेल. मोत्याची आहे, माझ्या आईची."

"मोती याला कळत नाही काकू. सोनं कळतं."

"म्हणजे तुझ्यासारखंच आहे."

काका खुर्ची घेऊन ओट्यावर बसले. बॉयलरची सवय, काहीही पेटणार असलं की ते समोर बसतात. मी धुण्याच्या दगडाभोवती चकती फिरवली. काही नाही. नळाजवळ एक खिळा. मग दगडामागे, मीटरच्या भिंतीला लागून चकती गेली आणि यंत्राने असा गळा काढला की मी हेडफोन उपटले. ते कुडीचं ओरडणं नव्हतं. कुडी चिवचिवते. हा जमिनीखालून आलेला, न थांबणारा हेल होता.

"मोठं आहे," मी म्हणालो. आणि फावडं आणायला धावलो.

श्रावणातली माती मऊ होती. गुडघाभर खणलं तेव्हा फावडं कचकन काळ्यात गेलं. कोळसा. त्याखाली ओलं, पांढुरकं, खडेखडे. मी बोटाने चाखलं. इंजिनिअर माणूस, खड्ड्यातली अनोळखी वस्तू चाखून बघतो. मीठ. मिठाखाली पुन्हा कोळसा. आणि त्यात उभा रुतवलेला, हिरवा पडलेला पत्रा. अर्थिंग खरं तर पुरुषभर खोल असतं, पण ते घर बांधताना ज्याने हे पुरलं त्याने खणायचा कंटाळा केला होता, आणि त्याच्या आळसाला माझ्या उत्साहाची गाठ पडली.

ओट्यावरून काका उठून आले. खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले.

"धन होतं," ते म्हणाले. "आपल्या नशिबी नाही, म्हणून कोळसा झाला."

काकू मागे सरल्या. पदर तोंडाला लावला. "कोळशाचं एक वेळ समजू हो. मीठ कोण पुरतं? ही करणी आहे. म्हणून मी म्हणते, या घरात आल्यापासून माझ्या पोराचं लग्न का जमत नाही."

"काकू, करणी वगैरे काही नसतं," मी ठणकावून सांगितलं. "ही पोर्तुगीज पद्धत असणार. मिठात वस्तू टिकते."

तिघांचे तीन तर्क, तिन्ही चूक, आणि सर्वांत खात्रीने बोलणारा मी.

पत्रा ओढला तर येईना. तार आडवी येत होती, गंजून मुळीसारखी झालेली. काकांनी पक्कड आणून दिली. मी तार तोडली. तोडताना काहीही झालं नाही. ठिणगी नाही, आवाज नाही. अशा वेळी काहीतरी व्हायला हवं असं मला आजही वाटतं. माणसाला इशारा मिळायला हवा. पण फक्त 'कट' झालं आणि तारेचं दुसरं टोक भिंतीतून बाहेर लोंबकळत राहिलं.

"ही कसली तार?" काकूंनी विचारलं.

"जुनी कपड्यांची असेल," काका म्हणाले.

ते ऐकून मला सुचलं ते मी लगेच केलं. मला सुचलेलं मी नेहमी लगेच करतो. काकूंची कपडे वाळत घालायची तार तिथेच त्या भिंतीतल्या खुंटीला अडकवलेली होती आणि जरा सैल पडली होती. मी भिंतीतून आलेलं ते टोक ओढून तिला गुंडाळलं, गाठ मारली, आणि तार कशी ताठ झाली ते बोटाने छेडून दाखवलं. म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांची जमिनीत जाणारी वाट मी उचलून काकूंच्या ओल्या साडीखाली नेऊन बांधली. काकू म्हणाल्या, "हे बरं केलंस."

मीठ-कोळसा काकांनी पोत्यात भरून, वर लिंबू ठेवून दमणगंगेत सोडला. पत्रा काकूंना घरात नको होता. मी आणला, चिंचेने घासला, आणि खिडकीत उभा केला. उन्हात छान चमकायचा. कुडीचं नाव सगळेच विसरले.

त्यानंतर ते अंगण बदललं. हे मी आज म्हणत नाही, तेव्हाही जाणवत होतं. फक्त काय बदललं ते कळत नव्हतं. मोटारीखाली थेंब थेंब गळायचं, तिथे एक करडी मांजर पाणी प्यायला यायची. एके दिवशी तिने जीभ लावली आणि किंचाळून भिंतीवर चढली. परत आली नाही. काकू म्हणाल्या, "मांजराला दिसतं." काकांच्या हाताला नळ झोंबला. ते म्हणाले, मुंगी चावली. मग एका सकाळी काकू कपडे घालता घालता थांबल्या आणि स्वत:चा तळहात बघत राहिल्या.

"भाऊ, इकडं ये. या तारेला हात लाव."

मी भिंतीवरून वाकून लावला. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या, जणू आत कुणी दात खात बसलंय.

"काय आहे हे?" त्यांनी हळू विचारलं. काकू मोठ्याने बोलणाऱ्या बाई. त्यांचा तो दबका आवाज मला आवडला नाही. "आपण काहीतरी उठवलं खालचं. ते आता फिरतंय."

आणि इथे माझं ज्ञान जागं झालं. धाग्याच्या कारखान्यात आमचा जन्म एका गोष्टीशी भांडण्यात जातो: स्थिर वीज. पॉलिएस्टर घासलं की वीज साठते, धागे फिसकारतात, माणसांना चटके बसतात. त्यावर मी नव्या पोरांना व्याख्यान देतो. काकूंची साडी पॉलिएस्टर. माझा शर्ट पॉलिएस्टर. झालं, कोडं सुटलं. मी भिंतीवर कोपर टेकून सगळं व्याख्यान दिलं.

"भुतंबितं काही नाही काकू. कापडातली वीज आहे ही. जमिनीत जायला तिला वाट मिळत नाही, म्हणून तुम्हाला झोंबते. पायात काय आहे?"

"स्लीपर. रबराची."

"तीच काढा. अनवाणी राहा. ओल्या जमिनीवर तर उत्तमच. वीज पायातून निघून जाते, साठतच नाही."

"खरं?"

"आमच्या कारखान्यात असंच करतात."

त्या रबराच्या स्लीपराच तोपर्यंत काकूंना सांभाळत होत्या. त्यांनी त्या काढल्या आणि ओट्याखाली ठेवल्या. माझा शब्द होता ना.

मग चार दिवस असा पाऊस लागला की कारखान्याच्या बससाठी लोक गुडघाभर पाण्यात उभे राहिले. काकूंची मोटार अंगणात पत्र्याच्या आडोशाखाली होती. पाणी आत गेलं असणार. घर जुनं, तारेच्या फ्यूजचं. काही बिघडलं तर आपोआप बंद पडेल असं त्यात काहीच नव्हतं. रविवारी ऊन पडलं. सगळ्या टोकरखाड्याने एकदम कपडे बाहेर काढले. मी दारात चहा घेऊन उभा होतो आणि बायकोचा फोन आला.

"काकूंचा फोन होता मला. घराची शांत कोणाकडून करून घ्यायची, विचारत होत्या. तू त्यांच्या अंगणातून काय काढलंस?"

यंत्राचा पत्ता मी तिला लागू दिला नव्हता. आता लागलाच होता, म्हणून म्हटलं निदान गोष्ट रंगवून सांगू. काकांचा चेहरा, काकूंचा पदर, माझी पोर्तुगीज पद्धत, सगळं नकलांसकट सांगितलं. ती हसेल असं वाटलं. ती हसली नाही. ती शाळेत विज्ञान शिकवायची, पण मी तिला घाबरतो ते त्यामुळे नाही. ती गप्प झाली की घाबरतो.

"मीठ आणि कोळसा," ती म्हणाली. "थर होते?"

"हो."

"आणि तार."

"होती. तोडली. पण वाया नाही घालवली, काकूंच्या कपड्यांच्या तारेला..."

"अरे, ते अर्थिंग होतं."

बघा, हा शब्द मी रोज ऐकतो. आमच्या प्रत्येक यंत्राखाली तो लिहिलेला असतो. पण त्या क्षणी तो कानात शिरला आणि पोटात उतरायला वेळ लागला.

"काकू कुठे आहेत?" तिने विचारलं.

"इथेच. समोर. कपडे घालताहेत."

"मोटार चालू आहे?"

मी कान दिला. चालू होती. घुरघुरत होती, नेहमीपेक्षा जड.

"पायात काय आहे त्यांच्या?"

अंगणात अजून पाणी साचलेलं होतं आणि काकू त्यात घोट्यापर्यंत उभ्या होत्या. पहिली साडी पिळून त्यांनी खांद्यावर टाकली होती. अनवाणी.

मी ओरडलो, "काकू, हात लावू नका, मागे व्हा." एवढंच ओरडलो असतो तर बरं होतं. पण मी भिंतीकडे धावत, बोट त्यांच्या दिशेने रोखून ओरडलो. पावसाळ्यात अंगणात उभ्या बाईकडे बोट दाखवून कुणी ओरडलं तर तिला एकच अर्थ कळतो. पायाशी साप आहे. काकू दचकून उडी मारल्यागत झाल्या, तोल गेला, आणि आधाराला हाताशी जे होतं ते त्यांनी धरलं.

तार धरली.

त्या ओरडल्या नाहीत. ते मला वाटलं होतं त्याहून भयंकर होतं. दात आवळलेले, डोळे माझ्यावर, आणि सगळं अंग तारेसारखंच ताठ होऊन थरथरत होतं. हात सुटत नव्हता. मी भिंतीवर चढलो आणि तिथेच अडलो, कारण खाली पाणी होतं आणि आता, अगदी आता, मला सगळी वीज पाठ होती. मी काकांच्या नावाने मोटार मोटार म्हणून बोंबलत होतो. काका आत टीव्ही बघत होते. फोनमधून बायको काहीतरी सांगत होती.

मग काकूंचं वजन तारेवर आलं आणि मी मारलेली गाठ सुटली. माझ्या हातून कधी धड गाठ बसत नाही. पुडक्याची दोरी, बुटाची नाडी, काहीच नाही. ती सुटली, भिंतीकडचं टोक निखळलं, आणि काकू पाण्यात कोसळल्या.

काकू जगल्या. सरकारी दवाखान्यात त्यांच्या हाताला पट्टी झाली, हृदयाचा आलेख काढला, डॉक्टर म्हणाले वाचल्या. उजव्या तळहातावर एक आडवा, पांढरा वण उरला आणि त्या हाताची दोन बोटं आतल्या बाजूला वळून राहिली. भाकरी थापायला आता डावा हात पुढे होतो. नवं अर्थिंग घातलं तेव्हा खड्डा मी खणला, पुरुषभर, आणि मिठाची पिशवी डोक्यावर आणली. तो तांब्याचा पत्रा मी परत आत पुरला. काकू ओट्यावरून नाखुशीने बघत होत्या.

कारण काकूंचं म्हणणं वेगळंच होतं. दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते सांगितलं. घराखाली मीठ-कोळशाची करणी होती. शेजारच्या साहेबाने मशीनने ती हुडकली. काढली म्हणून वाचले, नाहीतर जीवच घेतला असता. जाता जाता बोटं घेऊन गेली. मी खाटेशी उभा राहून म्हणायचो, "काकू, उलट आहे. ते मी काढलं म्हणून झालं. ते होतं म्हणून तुम्ही इतकी वर्षं..." पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघायचे. काकू त्यांना म्हणायच्या, "केलेलं बोलून दाखवत नाही, असा आहे." मी अर्थिंग समजावलं की लोक मान हलवायचे. त्यातला तेवढा भाग त्यांच्या लक्षात राहायचा नाही. लक्षात राहायचं मीठ आणि कोळसा.

मी यंत्र विकून टाकलं. बायको परत आली. दिवाळी होऊन गेली. मग एका संध्याकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"भावजी, मी डोकमर्डीहून बोलते. तुमच्या काकूंची धाकटी जाऊ. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. आमच्याकडेही निघालं."

"काय निघालं?"

"तेच. मीठ अन् कोळसा. मीटरच्या भिंतीलाच, तुम्ही जाऊबाईंकडे दाखवलं तसं. मशीन पण नाही लागलं. ह्यांनी सगळं उपसलं, तार तोडली, नदीत सोडून आले. घर कसं हलकं वाटतंय."

मी त्यांना सांगितलं: घरातलं मेन बटण बंद करा, नळाला हात लावू नका, पायात चपला घाला. त्या हसल्या. "जाऊबाई म्हणाल्याच होत्या. म्हणाल्या, भावजी आधी घाबरवतील."

स्कूटर काढून निघालो. नळाला पाणी सोडायची वेळ झाली होती. डोकमर्डीच्या त्या गल्लीत वळलो तर काकूंच्या जाऊबाई दारातच उभ्या, धडधाकट, हातात तांब्या. माझ्या जिवात जीव आला. मेन बटण मी स्वत: आत जाऊन पाडलं. त्या म्हणाल्या, "आता आलाच आहात तर चहा घ्या. अन् ही ओळ बघून घ्या सगळी."

"कसली ओळ?"

त्यांनी बोट दाखवलं. एकसारखी घरं, एकाच कंत्राटदाराने बांधलेली असावीत. प्रत्येक फाटकाच्या आत मीटरच्या भिंतीला लागून ताजी माती उकरलेली होती. काही फाटकांबाहेर काळा ढीग होता, त्यावर लिंबू. कुठेकुठे तुटकी तार वेटोळं करून नीट बाजूला ठेवली होती, उपयोगी पडेल म्हणून.

"आमचं निघालं म्हटल्यावर सगळ्यांनीच काढलं," त्या अभिमानाने म्हणाल्या. "कोणाच्या घरी नव्हतं असं नाही."

पाणी सुटलं. गल्लीच्या त्या टोकापासून एकेक मोटार सुरू होत आली. मी पहिल्या घराकडे धावलो. फाटक लोखंडी होतं. अंगण नुकतंच धुतलेलं, पाणी फाटकाखालून रस्त्यावर येत होतं. मी कडीकडे हात नेला आणि मागे घेतला. रस्त्यातूनच हाक मारली, "घरात कोण आहे?"

आतून मोटारीच्या घरघरीतून एका बाईचा आवाज आला. "कडी नाही लावलेली. ढकला."